दोनशे छप्पन्न गुंजा

तळहातावर वस्तू घेऊन वजन सांगणारी माणसे मी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत सात पाहिली. सातही चुकली. कोणी शेकडा पाचाने, कोणी दहाने. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पितळी काटा आणि प्रमाण वजनांची पेटी घेऊन बुलढाणा जिल्ह्यातले बाजार हिंडत होतो. माणसाचा हात हे मोजण्याचे साधन नव्हे, असे माझे पक्के मत होते. आठवे उकर्डाजी भेटले. त्यानंतर ते मत मी कोणाला सांगितले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. शेर, पावशेर, छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम सक्तीचे झाले होते. धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारात मी एका किराणा दुकानदाराची वजने तपासायला काढली होती. वीस ग्रॅमची पाच होती. काटा अजून मांडायचा होता. शेजारी वांग्यांची पाटी घेऊन एक उंच, हाडकुळा, पन्नाशीचा माणूस बसला होता. त्याने हात लांब करून पाचही वजने एकामागून एक तळहातावर घेतली, आणि चौथे माझ्यापुढे ठेवले.

"सायेब, हे हलकं हाय."

"कितीने?" मी थट्टेने विचारले.

"चार गुंजा."

दुकानदार चिडला. "उकर्डाजी, तुमी वांगे इका ना बाप्पा. सरकारच्या कामात काऊन बोट घालता?"

"वांगेच इकून राह्यलो. पण तुह्यं वजन पाह्यलं अन् हात खाजवला."

गुंज म्हणजे सोनाराकडची ती लाल-काळी बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ग्रॅममध्ये एक गुंज साधारण बारा सेंटिग्रॅम. मी काटा मांडला, वजन ठेवले. अर्धा ग्रॅम कमी भरले. वहीच्या कडेला भागाकार केला. चार गुंजा आणि वर किंचित.

"हे कुठे शिकलात?" मी विचारले.

"शिशानं शिकवलं," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आले म्हणून वांगी निवडायला लागले.

त्यांच्या आधीची तीन भावंडे जगली नाहीत, म्हणून आईने त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून घेतले होते. नाव त्यावरून. गावाबाहेर दोन एकरांत ते वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर करीत. मोठ्या लढाईच्या काळात ब्रह्मदेशात फौजेच्या हत्यारदुरुस्तीच्या गाडीवर होते. त्यांच्या पूर्वायुष्याची मला एवढीच माहिती आहे. जास्त मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

गावाच्या दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. तिथून रानडुकरे उतरत आणि भुईमुगात शिरली की रात्रीतून अर्धा एकर उकरून टाकत. पीक राखायला सहा शेतकऱ्यांकडे परवान्याच्या रायफली होत्या. जुन्या पलटणींतून पोलिसांकडे आलेल्या आणि पोलिसांनी लिलावात काढलेल्या, मार्टिनी जातीच्या. एका वेळी एकच काडतूस घेणारी, बोटभर जाड गोळीची ती बंदूक. तिची काडतुसे बाजारात मिळणे केव्हाच बंद झाले होते. म्हणून उडालेल्या काडतुसाची पितळी नळकांडी जपून ठेवायची, आणि त्यात पुन्हा बारूद आणि गोळी भरायची. हे काम त्या सगळ्या भागात एकटे उकर्डाजी करीत. त्यासाठी जिल्ह्यातून मिळालेला कागद त्यांनी काच लावून भिंतीवर टांगला होता. वर्षाला दोनशे काडतुसे, असे त्यावर लिहिले होते. मी त्यांची वही पाहिली आहे. एका वर्षी एकशे बारा, एका वर्षी सत्त्याण्णव. दोनशेच्या जवळ ते कधी गेले नाहीत.

गोळ्या ओतायचा त्यांचा दिवस ठरलेला नसे, पण वेळ ठरलेली असे. सकाळी, दव उडाल्यावर आणि वारा सुटायच्या आधी. एरवी अनवाणी वावरणारा हा माणूस त्या दिवशी पायांत फौजेतले बूट घालत असे आणि डोक्याला घट्ट फडके बांधत असे. चुलीपासून सात पावलांच्या आत पाण्याचा थेंब चालत नसे. वितळलेल्या शिशात पाणी पडले की ते बार उडाल्यासारखे उसळते. त्यांच्या डाव्या मनगटावर तसा एक पांढरा डाग होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला आधी कपाळ पुसायला लावले.

"घाम बी पाणीच हाय, सायेब."

लोखंडी कढईत शिसे असे. कुठले? तर आमच्याच खात्याच्या कृपेचे. जुन्या लोखंडी शेरांच्या बुडाला वजन जुळवण्यासाठी शिसे भरलेले असायचे. शेर बाद झाले तेव्हा दुकानदारांनी ते फेकून दिले, आणि उकर्डाजींनी गावोगावचे शेर गोळा करून त्यांच्या बुडातले शिसे काढून घेतले. वीस भाग शिसे, एक भाग कथील. कथील कल्हईवाल्याकडून. शिसे वितळले की त्यात मेणाचा खडा टाकत. भडका होई, सगळा मळ वर येई, तो पळीने काढला की खाली आरसा. त्या आरशात स्वतःचे तोंड दिसले की म्हणत, "झालं तयार."

साचा पकडीसारखा, उघडमीट होणाऱ्या दोन पाळ्यांचा, काशाचा होता. पळीने ओतायचे, मनात सात मोजायचे, पाळ्या उघडून गोळी गोधडीवर टाकायची. पहिल्या पाच गोळ्या ते न पाहता परत कढईत टाकत. "ह्या साच्याच्या. साचा तापेस्तोवर तो आपल्यासाठी ओतते. मंग माह्यासाठी." सहाव्यापासून प्रत्येक गोळी निवल्यावर उजव्या तळहातावर घेत. हात एकदा वर, एकदा खाली. मग डावीकडे किंवा उजवीकडे. डावीकडची पुन्हा कढईत.

गोळीचे वजन दोन तोळे आठ मासे. म्हणजे बत्तीस मासे, म्हणजे दोनशे छप्पन्न गुंजा. ग्रॅममध्ये एकतीस आणि वर एक डेसिग्रॅम. एकदा मी त्यांनी डावीकडे टाकलेली एक गोळी उचलून काट्यावर ठेवली. दोनशे त्रेपन्न. तीन गुंजांची तूट. त्यांनी छिन्नीने ती मधोमध कापली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी होती. हवा राहिली होती. वर तर गोळी गुळगुळीत, सुरेख. मी ते दोन तुकडे बराच वेळ पाहत बसलो. शंभरात एका भागाहून जरा जास्त फरक, आणि तो त्या खरखरीत तळव्याला कळत होता. मी पुढे सहा महिने जमेल तेव्हा त्यांच्या गोळ्या तोलल्या. एकूण सत्तर. उजवीकडे टाकलेल्या एकाही गोळीत दोन गुंजांहून जास्त फरक निघाला नाही. मला देवळात गेल्यावर जे वाटायला हवे आणि वाटत नाही, ते त्या चुलीपाशी वाटायचे.

त्यांची बायको गंगूबाई मात्र या कामावर नाराज असे. "वांग्याच्या झाडाले कीड लागली तर दोन दिस पाहत नाहीत, अन् शिशाले तासन् तास तळहातावर खेळवतात," ती मला सांगायची.

"वांगं हलकं निंघालं तर भाजी कमी होते," उकर्डाजी म्हणायचे. "गोळी हलकी निंघाली तर डुक्कर जखमी होऊन पळते. मंग ते कोणाले फाडते, ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय बाई. मले फाडून राह्यलं ना रोज."

स्वतः त्यांनी बंदूक चालवलेली कोणी पाहिली नव्हती. गोळीला ते जुन्या पंचांगाच्या पातळ कागदाचे दोन वेढे देत, वर मेण आणि करडईच्या तेलाचा हात फिरवत. मी एकदा त्या कागदावर एकादशी वाचली आणि हसलो. "डुकराले उपास घडते," ते म्हणाले, न हसता.

त्यांचा एक दंडक होता. दहा काडतुसे नेली की पुढच्या वेळी दहा रिकामी नळकांडी परत आणायची, आणि प्रत्येक गोळी कुठे गेली ते सांगायचे. डुकरात, बांधात, झाडात, काय असेल ते. "ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला ते पुढची काडतुसे देत नसत. एकदा मोताळ्याकडचा एक मोठा जमीनदार जीप घेऊन आला. त्याला शिकारीसाठी चाळीस हवी होती. उकर्डाजींनी त्याला खाट टाकली, गंगूबाईने चहा केला.

"मागच्या साली दहा नेल्या होत्या. त्या कोठी गेल्या?"

"अहो, जंगलात गेल्या. कोण मोजतं?"

"मी मोजतो ना," उकर्डाजी म्हणाले. "चहा घ्या."

जीप रिकामी गेली.

आता मुख्य गोष्ट. ज्याच्यावर ती बेतली त्याला मी शेषराव म्हणतो. ते त्याचे खरे नाव नाही. तिशीचा, कष्टाळू शेतकरी. सहा रायफलवाल्यांपैकी एक. भुईमूग काढणीला आला होता आणि डुकरे उतरायला लागली होती. त्याने दहा काडतुसे मागितली. उकर्डाजींनी त्या गोळ्या ओतल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्यांच्या खोपीत बसून गुंजेचे ग्रॅम, माशाचे ग्रॅम असे कोष्टक करत होतो.

पाच-सहा दिवसांनी पहाटे शेषराव मचाणावर बसला होता. उजाडता उजाडता डुक्कर दिसले. बंदूक मचाणाच्या बांबूवर टेकवून, पुढून नळी डाव्या हाताने धरून त्याने चाप ओढला. पहिलाच बार. नळी पुढच्या टोकापासून वीतभर अंतरावर फाटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले, आणि गावात दुपारपर्यंत एकच वाक्य फिरत होते: उकर्डाजीच्या काडतुसानं घात केला.

फौजदार आले. उरलेली नऊ काडतुसे ताब्यात घेतली. तोलायला अचूक काटा हवा म्हणून मला बोलावले. ग्रामपंचायतीच्या खोलीत, पंचांसमोर, उकर्डाजींनीच एकेक काडतूस उघडले. मी बारूद तोलली, गोळ्या तोलल्या. बारुदीत फरक नव्हता. नऊ गोळ्यांत सर्वांत हलकी दोनशे पंचावन्न, सर्वांत जड दोनशे सत्तावन्न. मी आकडे मोठ्याने वाचले. खोलीतले चेहरे सैल झाले.

"झालं," फौजदार म्हणाले. "तुमच्या कामात दोष नाही. जबाबावर सही करा."

उकर्डाजींनी लेखणी घेतली नाही. "सायेब, हे नऊ झाले. त्याच्या हातात फुटलं ते दहावं."

"नऊ बरोबर आहेत, म्हणजे दहावंही बरोबरच असणार."

"तसं नसते. त्या दहातली एक गोळी मी हातावर घेतली नव्हती. शेवटली. तशीच कागदात गुंडाळली. ती या नवात हाय का त्या फुटलेल्यात, मले सांगता येत नाही. लिवून घ्या."

"अहो, हे लिहिलं तर मला साचा आणि तुमचा परवाना दोन्ही जमा करावे लागतील. चौकशी होईपर्यंत काम बंद."

"मंग करा."

ती गोळी त्यांनी हातावर का घेतली नव्हती, ते मला त्या क्षणी आठवले. मी त्यांना विचारले होते की सोनाराची गुंज आणि रानातली गुंज वजनाला सारखी असते का. ते शेवटची गोळी हातात धरून मला उत्तर देत बसले होते. त्यांनी ते फौजदारांना सांगितले नाही. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी काटा पेटीत ठेवत होतो, आणि एक वजन माझ्या हातून खाली पडले. माझा धंदाच असा की दहांतली दोन वजने तपासायची आणि दुकानावर शिक्का मारायचा. नवांवरून दहावे मी हजार वेळा गृहीत धरले असेल.

घरी गंगूबाई म्हणाली, "खरं बोलाची एवढी घाई काय होती?"

"घाई नव्हती. पण ते सही मागून राह्यले होते ना."

बाजारात टोमणे सुरू झाले. वांगी घेताना एकाने विचारले, "उकर्डाजी, हे फुटत तर नाही ना?" ते वांगे त्यांनी परत घेतले, दुसरे दिले, म्हणाले, "हे पाहून नेजा." पण त्यांची झोप गेली होती हे डोळ्यांवरून कळत होते. साचा गेल्याचे त्यांना फारसे वाटत नव्हते. आपल्या हाताने शेषरावची बोटे नेली का, एवढाच प्रश्न होता. शेरांच्या बुडातल्या शिशात जस्त मिसळलेले असले तर गोळी कडक होते, साचा नीट भरत नाही, हलकी निघते, आणि अशी कडक गोळी नळीत अडकू शकते. तशी असेल, तर दोष त्यांचा. पुरी दोनशे छप्पन्न असेल, तर नाही. आणि हे सांगू शकणारी एकच वस्तू होती. ती उडालेली गोळी.

"मी ते शोधतो," ते म्हणाले.

मचाणापासून साठ पावलांवर मातीचा रुंद बांध होता. डुक्कर त्याच्यापुढे होते आणि ते निसटले होते, म्हणजे गोळी बांधात. नळी फाटल्यावर ती सरळ गेली असेल याचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी पंधरा पावलांची रुंदी धरली. हातभर खोल खणायचे, टोपलीत माती भरायची, भुईमूग चाळायच्या चाळणीतून काढायची, आणि माती पुन्हा जागच्या जागी घालायची. दिवसाला चाळीस टोपल्या होत. शेवटचे दोन दिवस मी रजा घेऊन गेलो. मला त्यांनी चाळणी दिली नाही, मोजणी दिली.

शेत शेषरावचेच. त्याची आई रोज बांधावर येऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "काय रे उकर्ड्या, माह्या पोराची बोटं शोधून राह्यला का?"

उकर्डाजींनी चाळणी खाली ठेवली. "हाव काकू. तेच शोधून राह्यलो."

म्हातारी निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने तिथे पाण्याचा माठ ठेवला.

सहाव्या दिवशी, दोनशे एकतिसाव्या टोपलीत ती सापडली. एका बाजूने चेपलेली, पण अखंड. टोकाला खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात विटेसारखी लाल, भाजलेली माती घट्ट बसली होती. बांधाची माती काळी होती. उकर्डाजींनी ते पाहिले, मीही पाहिले. ते म्हणाले, "आधी वजन."

बांधावरच काटा मांडला. त्यांनी बाभळीच्या काट्याने ती लाल माती कोरून एका कागदावर घेतली आणि पुडी बांधली. मी गोळी पारड्यात ठेवली. काटा स्थिर व्हायला वेळ लागला. तीस ग्रॅम नऊ डेसिग्रॅम. मी भागाकार दोनदा केला.

"दोनशे चौपन्न."

"दोन गुंजा नळीनं घासून घेतल्या," ते म्हणाले. "पुरी होती." आणि मातीत बसले. बराच वेळ त्यांनी आपला उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

मग ती लाल माती कुठली, हे पाहायला आम्ही शेषरावच्या घरी गेलो. बंदूक ज्या खुंटीला टांगलेली असायची तिच्यावर, भिंतीला, कुंभारीण माशीने बांधलेली मातीची घरे होती. पाच, ओळीने, लाल मातीची. ही माशी मिळेल त्या भोकात, पोकळीत चिखलाची मडकी करते. मी वर पाहत होतो तोच म्हातारी ओरडली.

"हात नका लावू त्याले! सून पोटुशी हाय. घरात लेकरू येनार असलं म्हंजे कुंभारीण घर बांधते. ते मोडत नसतात. दीड महिना झाला, त्या खुंटीले मी कोणाले शिवू देल्लं नाही. झाडू सुदिक नाही."

"अन् बंदूक?" उकर्डाजींनी हळू विचारले.

"ते शेषरावनं त्या दिशी अंधारातच काढली. मी निजेलच होती."

आता सगळे उघड होते. दीड महिना बंदूक हलली नव्हती. माशीने सहावे घर नळीत बांधले होते. शेषरावने अंधारात बंदूक उतरवली, मागून काडतूस भरले, आणि गोळी त्या वाळलेल्या मातीच्या बुचावर आदळली. नळी तिथेच फाटली. तेवढ्यात शेषरावची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. सातवा महिना असावा. विशीतली पोर, डोळे रडून सुजलेले. उकर्डाजींनी तिच्या हातून पाणी घेतले, प्यायले, आणि म्हातारीला म्हणाले, "काकू, घर चांगलं बांधलं कुंभारणीनं. राहू द्या."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "चला, फौजदारांकडे. पुडी आहे, गोळी आहे, भिंत आहे. आज संध्याकाळी साचा परत मिळेल."

ते चालत राहिले. "अन् मंग गाव काय म्हणनार?"

"की तुमचा दोष नव्हता."

"ते एक दिस म्हणतीन. दुसऱ्या दिसापासून म्हणतीन की त्या लेकरानं येच्या आधीच बापाची बोटं खाल्ली. सासू त्या पोरीले हेच ऐकवीन जलमभर. लेकराले बी." थोडे पुढे जाऊन ते थांबले. "शेषरावले मी सांगीन. एकट्याले. लेकरू पायावर चालाले लागलं म्हंजे."

त्यांनी पुडी सोडली आणि ती माती रस्त्याच्या कडेला झटकली. मी सरकारी नोकर होतो. पुरावा माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी हात पुढे केला नाही. हे बरोबर केले की चूक, याचे उत्तर मी इतकी वर्षे काढतो आहे, आणि ते अजून एका आकड्यावर स्थिर होत नाही. म्हातारी आता नाही, उकर्डाजी नाहीत, म्हणून आज लिहितो.

"तुमी वजनाचे सायेब," ते मला म्हणाले. "वजन लिवा. ते तर खरंच हाय."

मी वजनाचा दाखला लिहिला. त्यात एकही शब्द खोटा नाही. फौजदारांनी गोळी पाहिली, दाखला घेतला, वर पाठवला. "नळी फुटण्याचे कारण समजून आले नाही," असा शेरा पडला, आणि साचा परत यायला अकरा महिने लागले. एवढ्या काळात डुकरांनी सहाही शेतांत धुडगूस घातला. सहांपैकी दोघांनी पुढे उकर्डाजींकडून कधी काडतूस घेतले नाही. त्यातल्या एकाने भर बाजारात मला विचारले, "दोष नव्हता तर कारण काऊन नाही सापडलं?" उकर्डाजी शेजारीच बसले होते. ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिले.

साचा परत आल्यावर त्यांनी नवा दंडक घातला. काडतूस हवे तर बंदूक घेऊन यायची. ते मागचा खटका उघडून नळीतून आरपार पाहणार, मगच काडतूस देणार. लोकांना तो म्हातारपणाचा चाळा वाटला. ते मला म्हणाले, "गोळी माह्यी बरोबर होती. पण ते कोण्या नळीतून जानार, हे पाहाचं काम कोनाचं होतं? मी फक्त माह्याच हातातलं पाह्यलं." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या जागी मी असतो तर दोनशे चौपन्नावर सुटलो असतो.

माझी डोणगावला बदली झाली. मधे दोन वर्षे गेली. एकदा डोणगावहून खात्याच्या कामाने मोताळ्याला आलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या मळ्याकडे गेलो. सकाळ होती. कुंपणाशी पोहोचलो तेव्हा ते पाठमोरे उभे होते. समोर शेषराव. त्याची तीच बंदूक, फाटलेला तुकडा कापून काढल्यामुळे वीतभर आखूड झालेली. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी त्याने ती पुढे धरली होती. त्याच्या धोतराला धरून तीनेक वर्षांची एक मुलगी उभी होती.

"कालच पुसली, उकर्डाजी," शेषराव म्हणाला. "आतून आरसा हाय."

"आरसा हाय तर पाहू दे."

शेषराव हसला नाही, वादही घातला नाही. खटका उघडून त्याने बंदूक त्यांच्या हातात दिली. त्याच्या तोंडाकडे पाहून मला वाटले, त्याला सांगून झालेले आहे. उकर्डाजींनी नळी आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला आणि पाहत राहिले.

"काय दिसते?" मुलीने विचारले.

ते खाली वाकले, गुडघ्यावर बसले, आणि उघडी नळी तिच्या डोळ्याच्या उंचीला धरली. तिने दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला.

"गोल," ती म्हणाली. "निळं."

"अजून काही?"

तिने पुन्हा पाहिले, चांगले निरखून, आणि मान हलवली. "काहीच नाही."

"मंग दे बापाले," उकर्डाजी म्हणाले, आणि काडतुसे आणायला उठले. मी कुंपणाबाहेरच होतो. त्यांचे काम चालू होते म्हणून हाक मारली नाही.